बाबांच्या गाडीचे ब्रेक

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी सुलोचना परब हे नाव सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, कॉलेजातल्या कोणी बाई असतील. परबमावशी सातवीपर्यंत शिकल्या होत्या आणि साकीनाक्याच्या एका गल्लीत, आठ बाय पाचच्या गाळ्यात, मोटारसायकलच्या ब्रेकला लायनिंग मारून देत होत्या. आईवडिलांचे, मामाचे, शाळेतल्या सरांचे उपकार आहेतच. पण ती माझी माणसं. मावशींचा माझ्याशी काही संबंध नव्हता. माझी गाडी थांबत नव्हती, एवढीच आमची ओळख.

मी वाशिम जिल्ह्यातल्या एका लहान गावातून बी.एस्सी. होऊन मुंबईला आलो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. वडील बाजार समितीत हमाल होते. अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. सोसायट्यांच्या टाक्यांतल्या पाण्याचे नमुने गोळा करायचे, आज मुलुंड, उद्या बोरिवली, आणि दुपारच्या आत बाटल्या बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोहोचवायच्या. अट एकच, स्वतःची दुचाकी हवी. माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती. मामा गावाकडे लाइनमन होते. त्यांनी वीस वर्षं वापरलेली आपली मोटारसायकल मालट्रकमधून पाठवून दिली. ही गाडी बनवणं कंपनीने कधीच बंद केलं होतं. किक मारली की घाटकोपरच्या असल्फ्याची अर्धी टेकडी जागी व्हायची. त्या टेकडीवर आम्ही चौघे नोकरीवाली पोरं एका खोलीत भाड्याने राहायचो.

दुसऱ्याच महिन्यात मागचा ब्रेक किंचाळायला लागला. ज्यांनी कधी गाडी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या गाडीच्या चाकाच्या मधोमध वाटीसारखा लोखंडी ड्रम असतो. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन तुकडे असतात, ते ब्रेक शू. शूवर लायनिंगची पट्टी चिकटवलेली असते. पाय दाबला की शू फाकतात, पट्टी ड्रमला घासते आणि चाक थांबतं. माझी पट्टी संपली होती.

मी शिकलेला माणूस. प्रयोगशाळेतून व्हर्नियर कॅलिपर आणला, ड्रमचं माप दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत काढलं, कागदावर लिहिलं आणि घाटकोपरच्या एका दुकानात तो कागद दाखवून त्या मापाचे नवे शू घेतले. जुने शू भंगारवाल्याला देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी असल्फ्याच्या उतारावर मी पाय दाबला आणि काहीच झालं नाही. समोर बांधकामाच्या वाळूचा ढीग होता म्हणून वाचलो. बाटल्या मात्र एकूण एक फुटल्या.

आमचे साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "मिलिंद, आठ दिवस देतो. आठ दिवसांनी गाडी रस्त्यावर दिसली नाही, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. तूच सांग, मी काय करू?" त्यांचं बरोबर होतं. पण धाकट्या बहिणीची नर्सिंगची फी माझ्या भरवशावर भरली होती.

चार गॅरेजवाल्यांनी हात वर केले. पाचवा म्हणाला, "साकीनाक्याला परबमावशीकडे जा. तिने नाय म्हटलं, तर गाडी विकून टाक. दुसरा कोणी नाय."

मावशी तेव्हा साठीच्या जवळ असतील. साडीवर पुरुषी खाकी शर्ट, दोरी बांधलेला चष्मा, आणि कितीही धुतले तरी काळेच राहणारे हात. गाळ्यात एक छोटी विजेची भट्टी, पट्ट्या दाबून धरायचे शिकंजे, आणि तिन्ही भिंतींवर खिळ्यांना लटकवलेले जुने शू. एकेका गाडीचा एकेक नमुना. त्या एरवी साधं मुंबईचं मराठी बोलायच्या. राग आला किंवा माया आली की मालवणी सुरू व्हायचं. त्यातलं रागाचं कुठलं आणि मायेचं कुठलं, हे कळायला मला वर्ष लागलं.

मी नवे शू पुढे ठेवले आणि माप लिहिलेला कागदही ठेवला. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"हे दुसऱ्याच गाडीचे आहेत. जुने कुठे?"

"भंगारात दिले."

त्यांनी चष्मा काढला. "भंगारात?"

"झिजले होते, मावशी."

"झिजली पट्टी. शू झिजता काय, मेल्या? पट्टी मी नवीन मारतंय. शू आता दुनियेत खंय बनना नाय. तोच तू भंगारात दिलंस! शिकलास किती?"

"बी.एस्सी."

"तरीच."

मग त्यांनी माझा ड्रम हातात घेतला आणि माझं बोट धरून आतल्या बाजूने फिरवलं. काठाशी एक बारीक कंगोरा लागला. वर्षानुवर्षं घासून ड्रम आत खोल गेला होता, काठ मात्र जुन्याच मापाचा राहिला होता. मी माप काठाशी घेतलं होतं. "गाडी आकड्यान थांबना नाय," त्या म्हणाल्या, "टेकल्यान थांबता."

त्यांची कामाची पद्धत मी पुढे अनेकदा पाहिली. पट्टी चिकटवून, भट्टीत भाजून झाली की त्या ड्रमच्या आतून खडू फासायच्या. शू आत घालून एकदाच फिरवायच्या. बाहेर काढला की पट्टीवर जिथे पांढरं लागलं असेल तिथेच ती टेकते आहे. तेवढंच कानशीने घासायचं, पुन्हा खडू, पुन्हा फिरवायचं. सगळी पट्टी सारखी पांढरी होईपर्यंत गिऱ्हाइकाने उभं राहायचं. कोणी घाई केली तर खडू त्याच्याच हातात द्यायच्या. "घे, तू कर. मी बघते." हल्ली शाळांत मिळतो तो बिनधुळीचा खडू त्यांना चालत नसे, तो खोटं सांगतो म्हणायच्या. गावी गेलो की आमच्या शाळेतल्या शिपायाकडून मी जुन्या पद्धतीच्या खडूची एक पेटी आणायचो. माझ्याकडून त्यांनी घेतलेली ही एकच वस्तू.

पण माझ्या गाडीचा नमुना भिंतीवर नव्हता. त्यांनी दोनदा भिंत पाहिली, मग गाळ्याच्या मागच्या बाजूला एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या ये. कुर्ल्याला जाऊन बघू."

दुसऱ्या दिवशी गाळ्याला कुलूप लावून त्या माझ्याबरोबर बसने कुर्ल्याच्या भंगार बाजारात आल्या. हातात माप म्हणून खराट्याची एक काडी, माझ्या ड्रमच्या आत बरोब्बर आडवी बसेल अशी कापलेली. प्रत्येक दुकानात त्यांना ओळखत होते.

"आओ मावशी, आज खुद?"

"खुद नाही तो क्या? तू भेजता है क्या सामान?"

"कौनसी गाडी का?"

त्यांनी गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार हसायचा. एक म्हातारा दुकानदार म्हणाला, "मावशी, वो गाडी का तो फोटो भी नहीं मिलेगा."

"फोटो से ब्रेक लगता है क्या रे? डब्बा उतार."

डबे उतरले. शूच्या ढिगात हात घालून त्या एकेक तुकडा काडीशी लावून बघत. तीन तास आम्ही असे फिरलो. एका ठिकाणी एक शू मिळाला, पण त्याचं टोक तुटलेलं होतं. त्या तो बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या. मग दुकानदाराला म्हणाल्या, "एक बाजू तुटलेला देवसुद्धा लोक घरात ठेवत नाहीत. ठेव तुझ्याकडेच."

परतताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मीच म्हणालो, "राहू द्या मावशी. मी गावी जाईन. बाजार समितीत काहीतरी मिळेल." मी खरंच तसं ठरवत होतो. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुझो बापूस काय करता?" मी सांगितलं. "आणि तू बी.एस्सी. होवन थंयच जातलंस?" एवढंच विचारलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या.

साकीनाक्याला आल्यावर त्या मला गाळ्याच्या मागे घेऊन गेल्या. तिथे निळ्या ताडपत्रीखाली एक मोटारसायकल उभी होती. ताडपत्री काढली. हुबेहूब माझ्या मामाची गाडी, फक्त रंग वेगळा. ती त्यांच्या वडिलांची होती. त्यांचे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरात न बसता त्यांनी हा गाळा घेतला, लायनिंगचं काम शिकले आणि मुलीला शिकवलं. रोज भांडुपहून तिला मागे बसवून याच गाडीवरून आणायचे. बाबा गेल्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून गाडी उभी होती. मावशींना चालवता येत नव्हती आणि विकायची नव्हती. म्हणूनच त्या गाडीचा नमुना भिंतीवर नव्हता. उभी गाडीच नमुना होती.

त्या खाली बसल्या आणि पान्याने मागचं चाक सोडवायला लागल्या. मी म्हणालो, "मावशी, नको."

"गप. बॅटरी धर."

शू निघाले. बाबांनी स्वतः मारलेली पट्टी त्यांवर अजून निम्मी शिल्लक होती. मावशींनी छिन्नीने ती उडवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही. शेजारच्या लेथवर माझ्या ड्रमचा कंगोरा काढून घेतला. नवी पट्टी मारली, भाजली, खडू लावला. सहा वेळा कानस फिरली. शेवटी शू माझ्या गाडीत बसवून मला म्हणाल्या, "असल्फ्याचा उतार ना? जा. उतरून परत ये. मी इथेच आहे."

मी गेलो, उतारावर मधोमध पाय दाबला. गाडी उभी राहिली. परत आलो तेव्हा त्या रस्त्याच्या तोंडाशी उभ्या होत्या.

"हे तुका दिलंय, विकलंय नाय," त्या म्हणाल्या. "गाडी जोवर चालवशील तोवर तुझे. ज्या दिवशी गाडी विकशील, त्या दिवशी हे काढून माझ्याकडे आणून द्यायचे. शप्पथ?"

"शप्पथ," मी म्हणालो.

सहाव्या दिवशी मी साहेबांसमोर गाडी उभी केली. नोकरी राहिली. बहीण आज अकोल्याला सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. मी त्याच प्रयोगशाळेत तपासनीस झालो.

त्यानंतर जवळजवळ दर शनिवारी मी गाळ्यावर जायचो. काम नसलं तरी जायचो. मावशी बारा वाजता जेवायला बसत, भात आणि माशाचं कालवण. तेव्हा ब्रेकचा विषय काढायचा नाही, असा नियम. एकदा नेमक्या त्या वेळी घरपोच जेवण पोहोचवणारा एक माणूस आला. गाडीचा ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. म्हणाला, "मावशी, जरा टाइट करून दे ना, पटकन. ऑर्डर आहे."

मावशींनी डाव्या हाताने त्याच्या गाडीची चावी काढली आणि भाताच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

"ए मावशी! काय करतेस? ऑर्डर थंड होईल!"

"ऑर्डर थंड झाली तर चालेल. तू थंड झालास तर तुझी आई माझ्याकडे येईल. बस तिकडे."

तो शिव्या देत बसला. अर्ध्या तासाने नवी पट्टी लावून निघाला, तेव्हा चावीला लागलेली शितं पुसत हसत होता. "वाट लावली यार मावशीने," म्हणाला. पुढच्या महिन्यात तोच आणखी तिघांना घेऊन आला.

हॉर्नचा त्यांना फार राग. गल्लीत कोणी जोराने वाजवला की आतूनच ओरडायच्या, "ब्रेक नाय काय रे?" स्वतः त्या कधी गाडीवर बसत नसत. मी दोनदा म्हणालो, भांडुपला सोडतो. "नको. मागे बसायची सवय एकाच माणसाची होती," म्हणायच्या आणि बस पकडायला चालू लागायच्या. पण मी निघालो की दर वेळी बाहेर येऊन उभ्या राहायच्या आणि गल्लीच्या वळणावर मी ब्रेक लावेपर्यंत आत जायच्या नाहीत. त्या मला बघत नसत. त्या गाडी थांबताना ऐकत असत.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

माझं लग्न झालं. आम्ही मुलुंडला राहायला गेलो. त्या सोसायटीत गाडीच्या धुराबद्दल तक्रार झाली. बायकोला दिवस गेले होते आणि त्या सीटवर बसणं तिला जमत नव्हतं. एका शोरूममध्ये जुनी गाडी द्या, नवी स्कूटर घ्या, अशी योजना होती. मी सही केली. जुनी गाडी ते घरून घेऊन जाणार होते. आदल्या रविवारी चाक सोडवून शू काढायचे, असं मी ठरवलं होतं. पण माणूस सांगितल्यापेक्षा दोन दिवस आधी आला. मी कामावर होतो. बायकोने चावी दिली. तिचा काही दोष नाही, मी तिला शूबद्दल कधी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी घरी आलो तर गाडीच्या जागी तेलाचा डाग होता. शोरूममध्ये धावत गेलो. गाडी कुठल्याशा दलालाकडे गेली होती. दलाल म्हणाला, "साहेब, दिवसाला वीस गाड्या येतात."

मी मावशींना सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी बसने गेलो. "गाडी खंय?" त्यांनी विचारलं. "सर्व्हिसिंगला." त्याच्या पुढच्या वेळी, "बायकोला त्रास होतो, म्हणून घरीच ठेवली." पुढे पुढे मी जाणंच कमी केलं. महिन्यातून एकदा, मग सणावारी. ज्या बाईमुळे माझी नोकरी राहिली, तिच्याशीच मी तीन वर्षं खोटं बोललो.

मग गल्लीतले गाळे रस्तारुंदीसाठी पाडायचे ठरले. मावशींची नजरही कमी झाली होती. नव्या गाड्यांना डिस्क ब्रेक, लायनिंगचं काम जवळजवळ संपलं होतं. त्या भावाकडे, देवगड तालुक्यातल्या गावी जायला निघाल्या. मी कुर्ल्याच्या टर्मिनसवर निरोप द्यायला गेलो. दोन पिशव्या आणि एक पत्र्याची ट्रंक, एवढंच सामान.

मी विचारलं, "बाबांची गाडी?"

"सांगाडो दिलंय भंगारात," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "नेऊन काय करू? लोकांनी भिंतीवरचे नमुनेपण वजनावर नेले. माका वाईट नाय वाटला. बाबांच्या गाडीतला चालता काय ता तुझ्याकडे असा ना." मग विचारलं, "आज गाडी घेऊन आलास?"

मी म्हणालो, "हो. बाहेर उभी आहे."

"लॉक केलंस मरे?"

"केलं."

गाडी सुटली. खिडकीच्या गजांमधून त्यांनी हात बाहेर काढला. लोक हलवतात तसा हलवला नाही. तळवा खाली करून हळूहळू दोनदा दाबला. सावकाश जा, असं त्या सांगत होत्या. डबा दिसेनासा होईपर्यंत तो हात बाहेर होता. मी टर्मिनसबाहेर आलो. माझी स्कूटर उन्हात उभी होती. तिच्यावर बसवेना, म्हणून बराच वेळ तिथल्या कठड्यावर बसून राहिलो.

त्याला दहा महिने झाले. मावशींना फोनवर बोलणं जमत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं. त्याची नक्कल ठेवली होती, ती इथे देतो.

आदरणीय मावशी,

सविनय जयभीम. तुमची तब्येत बरी असेल. डोळ्यांचं ऑपरेशन झालं का? भावाच्या मुलाकडून हे पत्र वाचून घ्याल, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे.

कुर्ल्याला मी तुमच्याशी खोटं बोललो. गाडी बाहेर उभी नव्हती. गाडी विकून तेव्हा तीन वर्षं झाली होती. शू काढून ठेवायचे राहिले, गाडी शूसकट गेली. मी शप्पथ घेतली होती. तुम्ही मला काय म्हणाल, ते मी रोज ऐकतो. मालवणीतच ऐकतो.

तुम्ही गेल्यापासून मी गाडी शोधत होतो. ती माहुलला सापडली. एका कोळी माणसाकडे आहे. तो तिच्यावरून मासळीच्या टोपल्या नेतो. रंग बदलला आहे, टाकीला पोचे आहेत, पण मामांनी लावलेली कॅरिअरची तार तशीच आहे, त्यावरून ओळखली. मी त्याला विचारून एक चक्कर मारली. रिफायनरीच्या भिंतीलगत रस्ता मोकळा होता. पाय दाबला. मावशी, गाडी थांबली. तुम्ही मारलेलं लायनिंग अजून आहे.

मी त्याला शूची गोष्ट सांगितली. माणूस चांगला आहे. म्हणाला, "तुझा माल आहे तर ने. पण मला दुसरी जोडी आणून दे. माझं पोट या गाडीवर आहे." ते खरंच आहे. ब्रेकशिवाय त्याला सोडून मी तुमचे शू काढले असते, तर तुम्ही ते हातात घेतले नसते.

म्हणून सहा रविवार कुर्ल्याला फिरलो. खराट्याची काडी कापून नेली होती. कोळी दादांनी होकार दिल्यावर ड्रम उघडून आत, खोलगट जागी माप घेतलं, काठाशी नाही. दुकानदार तुमची आठवण काढतात. फोटोपण मिळणार नाही म्हणणारे ते म्हातारे दुकानदार आता बसत नाहीत, त्यांचा जावई असतो. सहाव्या रविवारी जोडी मिळाली. दोन्ही शू अखंड आहेत, टोकं नीट आहेत. पण उघडे आहेत, पट्टीचा मागमूस नाही.

साकीनाका, घाटकोपर, अंधेरी सगळीकडे विचारलं. सगळे म्हणतात, आता हे कोणी करत नाही. एक जण करून देतो म्हणाला, पण मी खडूचं विचारलं तर हसला. त्याला जोडी दिली नाही.

जोडी माझ्या कपाटात आहे. कोळी दादांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं आहे. तुमची भट्टी गावी नेली की विकली, ते मला माहीत नाही. नजर किती आहे, तेही माहीत नाही. पट्टी, गोंद, कानस सगळं मी मुंबईहून आणीन. घासायचं मी करीन, तुम्ही फक्त बोट फिरवून टेकते की नाही ते सांगा.

मी जोडी घेऊन देवगडला येऊ का? नाही म्हणालात तरी मी समजेन. पण एका ओळीत कळवा.

तुमचा,
मिलिंद